गुढीखालची खरखर

चैत्राचं ऊन उतरत होतं. हळदीच्या रंगाचं, केशरी काठाचं, कडुनिंबाच्या कोवळ्या पालवीतून ठिबकणारं ऊन. डोंगरांच्या कुशीतल्या त्या चिमुकल्या गावात घरोघरी गुढ्या उभ्या होत्या, आणि सगळ्यांत उंच होती ती त्र्यंबकरावांची. रेशमी, जरतारी, गर्वोन्नत गुढी! तिच्याखालच्या घरात त्यांची पत्नी मंदाकिनी रेडिओपुढे बसली होती, आणि रेडिओतून नुसती खरखर येत होती.

खरखर, खरखर आणि खरखर. अन् आज आई गाणार होती!

आईला जाऊन तपं लोटली होती. तरुणपणी ती आकाशवाणीवर एकदाच गायली होती. त्या गाण्याची फीत केंद्राच्या कपाटात आता कुठे सापडली होती, आणि पाडव्याच्या सांजेला ती लावली जाणार होती. घरात आईचा फोटो होता; आवाज नव्हता. मंदाकिनी तो स्वर आठवू बघायची, आणि दर वर्षी तो थोडा अधिक पुसट व्हायचा.

त्या स्वरासाठी तिने काय काय केलं! रेडिओ घ्यायला गेले तेव्हा दुकानात त्र्यंबकराव निळ्या दिव्यांच्या, झगमगत्या ट्यूनरवर भाळले होते. तिने मात्र दुकानदाराला एकेक यंत्र लावायला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि दूरचा क्षीण स्वरही घट्ट धरून ठेवणारा, दिसायला अगदी साधा ट्यूनर निवडला. "डबडं घेतलंस," ते म्हणाले. म्हणेनात का! खोलीतल्या तारेच्या तुकड्यावर डोंगरापलीकडचं केंद्र धड येईना, म्हणून तिने गच्चीत खांब रोवून घेतला आणि त्यावर अनेक दांड्यांची अँटेना चढवली, दोन डोंगरांमधल्या खिंडीकडे तोंड करून. कालपर्यंत तंबोऱ्याची तार न् तार वेगळी ऐकू येत होती.

मग आजच काय झालं? ती तरातरा जिना चढली. अँटेना गच्चीच्या कोपऱ्यात आडवी पडली होती, आणि तिच्या खांबावर गुढी डुलत होती.

सकाळी ती चक्का फेटत असताना नवऱ्याने हा पराक्रम केला होता. शेजाऱ्यांची गुढी उंच दिसली, आणि यांच्या पोटात दुखलं. काय म्हणावं या माणसाला!

"अहो, वर या आधी!"

त्र्यंबकराव धोतर सावरत वर आले. "अगं, सणाच्या दिवशी घरावर गुढी शोभते, की हा सांगाडा?"

"आणि माझी आई?"

"दिवस मावळायला आला की उतरवूच की. इतकी कसली घाई?"

"तोवर संपेल ते!"

मंदाकिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. लाल, लसलसता, वर्षानुवर्षं गिळलेला संताप तिच्या गळ्याशी आला. तिने हात जोडले, चूक पदरात घे म्हणाली, ते गुढीला, नवऱ्याला नव्हे. मग तिने गुढी उतरवली.

"तुम्ही खाली जा. आवाज आला की हाक मारा. तेवढं तरी करा!"

आतल्या खोलीतलं गाणं गच्चीपर्यंत पोहोचत नसे. हाक तेवढी पोहोचायची. टीव्हीच्या दिवसांपासून घराघरांतली हीच रीत, एकाने वर फिरवायचं, दुसऱ्याने खालून सांगायचं. तिने अँटेना खांबावर चढवली, तार जोडली. बोटं सोलवटली, तरी तिने पर्वा केली नाही.

"आलं का?"

"नाही!"

तिने खांब किंचित फिरवला. "आलं का?"

"खरखरतंय अजून!"

आणखी किंचित. खिंडीत सोनं साचलं होतं, आभाळ कुंकवाचं झालं होतं. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं.

"आलं का?"

खालून उत्तर आलं नाही.

"अहो, आलं का?"

न विचारता हलवावं, तर हाताशी आलेलं निसटायचं. म्हणून ती तशीच उभी राहिली, दोन्ही हातांनी खांब कवटाळून, कान जिन्याकडे लावून. तिने हाक मारली, पुन्हा मारली, घसा फोडून मारली. शेवटी तिने खांब सोडला आणि ती जिना उतरत धावली.

त्र्यंबकराव ट्यूनरसमोर उभे होते. हात जोडलेले, डोळे भरलेले.

"अगं, काय गळा होता आईंचा!" ते पुटपुटले. "मला भानच राहिलं नाही बघ. हाक मारायची राहूनच गेली."

मंदाकिनी दारातच थांबली.

"तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली. "माझी आई तुम्ही ऐकलीत."

ते पुढे आले. ती मागे सरली.

"हात लावू नका मला."

रेडिओवर निवेदिका पुढच्या कार्यक्रमाची माहिती देत होती. शब्द न् शब्द स्पष्ट होता, दोन शब्दांमधला श्वाससुद्धा ऐकू येत होता. निर्मळ, निकट, निष्ठुर.