पहिला हंडा

आमच्या आळीत नळ येऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत नळाशी माझ्याइतकं कोणी भांडलं नसेल. शिरूरची आमची आळी नदीकडे उतरत जाते आणि माझं घर वरच्या टोकाला. सकाळी सहाला पाणी सुटलं की खालच्या घरांत धो धो धार, माझ्याकडे करंगळीएवढी. मी गप्प बसणारी बाई नव्हे. मुलगा जालिंदर दौंडला रेल्वेत होता. एका रविवारी तो आला तेव्हा त्याच्याकडून नळाखाली कमरेइतका खड्डा खणून घेतला, पाइप कापून त्याचं तोंड तळाशी नेलं, तोटी लावलीच नाही. धार दुप्पट झाली. ते बघून वरच्या आणखी तीन घरांनी खड्डे खणले, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

आळीत एक रीत होती. पहिला हंडा पिण्याचा. कोणाचा हात न लागलेलं ताजं पाणी म्हणून पहिली धार माठात जायची, धुणंभांडी मागाहून. अगदी खालच्या टोकाची रंभाही तेच करायची. तिच्या बौद्ध वस्तीतल्या घराला दोन वर्षांपूर्वीच नळ मिळाला होता. त्या नळाला ती जिवापाड जपायची. तोटीला पांढरं फडकं बांधायची आणि ते रोज धुवायची.

शहात्तर साली उन्हाळ्याच्या शेवटी माझ्या नातवाला जुलाब लागले. सून धुरपदा त्याची दुपटी खड्ड्याच्या काठावरच धुवायची, कारण पाणी तिथं होतं. नातू आठ दिवसांत बरा झाला आणि त्याच आठवड्यात रंभाची चार वर्षांची मुलगी नकुशी आजारी पडली. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावून डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं आणि बजावलं, की पुन्हा जुलाब लागले तर पोर हाताला लागायची नाही. घोट घोट पाणी पाजत राहा, असंही सांगितलं. मी तेव्हा चारचौघींत काय म्हणाले ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, त्यांच्यात कुठली आलीय स्वच्छता.

दुसऱ्याच दिवशी खंडू माझ्या दारात आला. खंडू म्हणजे आमच्या नळाचा चावीवाला. पाणी सोडणं आणि बंद करणं त्याच्याकडे. रंभाचा चुलतदीर. खड्डा बुजवा म्हणाला. आळीतली माणसं जमली तशी मला चेव आला. भावजयीच्या घरी धार वाढावी म्हणून आमची धार तोडतोस काय, असं मी त्याला तोंडावर विचारलं. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"मावशी, चावी बंद केली की पाइप रिकामा व्हतो. तवा तो तुमच्या खड्ड्यातलं पानी वढून घेतो. दुसऱ्या दिशी पयल्या धारंला ते खालच्या घरात जातं."

नळातून पाणी बाहेर येतं, आत जात नाही, एवढं मला कळतं, असं मी सुनावलं. लोक हसले.

"मग पानी जायच्या टायमाला खड्ड्यात नीळ टाका," तो म्हणाला, "आन् सकाळी बगा."

मी फणकाऱ्याने आत गेले. टाकणार नाही असंच त्याला वाटलं असणार. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. खंडूला आळीसमोर खोटं पाडायचं, हे डोक्यात बसलं ते निघेना. आठ वाजता धार बारीक झाली तेव्हा कपड्यांच्या निळीची अख्खी पुडी मी खड्ड्यात ओतली. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खड्ड्यातलं पाणी वीतभर उतरलेलं. जमिनीत मुरलं असेल, असं मी मनाला सांगितलं आणि उरलेलं उपसून टाकलं. सहाला नळ गुरगुरला, दोन निळसर गुळण्या टाकल्या आणि मग पांढरीशुभ्र धार लागली. पाइपच्या तोंडाला लागलेली नीळ धुऊन निघाली, एवढंच मी धरून चालले. मी हंडा भरून घेतला. पदर खोचला आणि खंडूला गाठायला उतरणीला लागले. तो या वेळी रंभाच्या दारात असतो हे मला माहीत होतं. काय काय बोलायचं ते मी वाटेत जुळवत होते.

खंडू नळाकडे पाठ करून पायरीवर बसला होता. त्याच्याकडे जाताना माझं लक्ष रंभाच्या नळाकडे गेलं. आता तिथलीही धार स्वच्छ होती. पण तोटीचं फडकं निळं झालं होतं.

नळाखाली हंडा नव्हता. पहिला हंडा भरून आत गेला होता.

खंडूला काही कळायच्या आत मी उंबरा ओलांडला. रंभाच्या घरात मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आत अंधार होता. नकुशी आईच्या मांडीवर होती, ओठ सुकून पांढरे पडलेले, आणि रंभाने पितळेचं फुलपात्र तिच्या तोंडाला लावलं होतं. पितळेत आणि त्या अंधारात रंग दिसणार कुठून? पोरीने तोंड उघडलं. मी फुलपात्र हाताने उडवलं. ते भिंतीवर आपटलं, पाणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर सांडलं, आणि पोर रडायला लागली.

खंडू धावत आत आला. रंभा पोरीला छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. मी वेडी झाले असं तिला वाटलं असावं. अजूनही खोटं बोलता आलं असतं. पाण्यात पाल पडलीय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"पाजू नगंस," मी म्हणाले. "ते माझ्या खड्ड्यातलं पानी हाय. माझ्या नातवाची दुपटी धुतल्यालं."

"प्यालीय का ती?" खंडूने विचारलं.

रंभाने मान हलवली, नाही म्हणून. मग हंड्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "आज न्हाई. पन मावशी, गेल्या आठवड्यात रोज पयला हंडा हिलाच पाजलाय म्या. चांगलं पानी म्हनून."

मी तो हंडा उचलला आणि बाहेर नेऊन गटारात ओतला.

खड्डा मी त्याच दिवशी बुजवला, आणि मागे लागून त्या तीन घरांचेही बुजवून घेतले. मातीची घमेली स्वतः वाहिली, धुरपदाला हात लावू दिला नाही. आमच्यासाठी पाणी उकळलं तसं महिनाभर नकुशीसाठीही उकळलं आणि खाली नेऊन दिलं. पोर वाचली. माझा नळ पुन्हा करंगळीएवढा झाला, म्हणून आता रोज दोन हंडे घेऊन मी रंभाच्या दारी उभी असते. ती मला कधी परत पाठवत नाही. त्या सकाळबद्दलही ती कधी बोललेली नाही. फक्त पाणी सुटलं की ती मला हाताने थांबवते आणि पहिला हंडाभर पाणी गटारात जाऊ देते. ते सगळं वाहून जाईपर्यंत आम्ही दोघी तिथं उभ्या राहतो आणि एकमेकींकडे बघत नाही.