भाऊजींचा ऑक्सिजन

मला कॅन्सर झाला आणि आमच्या थोरल्या भाऊजींना डॉक्टरकी चढली. भाऊजी म्हणजे रंगनाथराव, द्वारका चौकात टायरचं दुकान. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले की हा माणूस कशावरही अक्कल पाजळतो.

डॉक्टर म्हणाले होते, "अंगात रक्त फार कमी आहे. रक्त कमी, म्हणजे गाठीपर्यंत ऑक्सिजन कमी, आणि तिथे औषधाचा जोर कमी पडू शकतो. आधी रक्त चढवू, मगच पुढची केमो." भाऊजींनी त्यातला ऑक्सिजन तेवढा ऐकला. कोरोनात घाबरून घेतलेलं ऑक्सिजनचं मशीन माळ्यावर पडलं होतं. ते काढलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, माझ्या नाकात नळी खुपसून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

"आता बघ केमो कशी लागू पडते!"

कर्म माझं! नळीतून ऑक्सिजन येईल हो, पण तो वाहून न्यायला अंगात रक्त नको?

शनिवारी सगळे हॉस्पिटलच्या रक्तपेढीत गेलो. मला रक्त मिळायचं तर बदल्यात कुणीतरी रक्त द्यायचं होतं, गट कुठलाही चालणार होता. आमच्या ह्यांनी गेल्याच महिन्यात दिलेलं, त्यांचं चालेना. केमो पुढे ढकलली तर गाठ थोडीच थांबणार होती?

"मी दिलं असतं गं," भाऊजी म्हणाले, "पण आज माझा शनिवार. उपास."

तेव्हा त्यांची बायको, माझ्या जाऊबाई लंकाबाई, मुकाट्यानं पुढे झाल्या. नवऱ्यासमोर त्यांनी कधी ब्र काढलेला नाही. नर्सनं बोटाला सुई टोचली, तपासलं आणि म्हणाली, "मावशी, तुमचंच रक्त साडेसात आहे, द्यायला साडेबारा तरी लागतं! जेवता की नाही?"

जाऊबाई सगळ्यांना वाढून झालं की पातेलं खरवडून खातात. माळ्यावर ऑक्सिजन जपणाऱ्याला शेजारी बसलेली बायको कधी दिसली नाही. शी! मला त्या माणसाची किळस आली.

"बघतो, दुकानातलं कुणी येतंय का," म्हणत भाऊजी दाराकडे सरकले.

"अहो," जाऊबाई म्हणाल्या, "सकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्लीत. वर केळी. बाही वर करा."

सगळी खोली भाऊजींकडे बघत होती. ते कॉटवर आडवे झाले. सुई दिसताच डोळे गच्च मिटून त्यांनी बायकोचा हात धरला.

मी मोबाईल काढला.

"फोटो काढू का, भाऊजी? ग्रुपवर टाकायला?"