वीस एकर आणि नऊ सूर्यांचं राज्य

"वीस एकर," आवडाबाई म्हणाल्या आणि चहाची कपबशी पाहुण्यांपुढं अशा थाटात सरकवली, जणू त्यातलं एक एकर आत्ताच आंदण दिलं. "पाचोडच्या शिवंला लागून. काळी माती. पाऊल रुतंल अशी."

मुलीचे वडील आप्पासाहेब मान डोलावत होते. त्यांची बायको पदर सावरून भिंतींचे पोपडे निरखत होती. सोयरीक जुळवणारा बद्रीनाथ बिस्किटांवर तुटून पडला होता, आणि काही ठरायच्या आधीच आवडाबाईंना विहीणबाई म्हणत होता. मुलीकडचे घर बघायला येतात तेव्हा चहापाणी घेतात. जेवायला बसले तर समजायचं, जमलं. म्हणून आवडाबाईंनी उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या दोन खोल्या घासूनपुसून लख्ख केल्या होत्या आणि आत पुरणपोळ्या झाकून ठेवल्या होत्या.

"भाकरीचा बेत ठेवला नाय बरं का," त्या पोरीच्या आईला म्हणाल्या. "दुकानातली ज्वारी औंदा लई किडकी निघाली. मेल्यानं फसवलं."

वीस एकर ही थाप आहे, असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा होती की वीस एकर! पुढं दीर आपापले वाटे घेऊन गेले, उरलेलीतली बरीचशी मालकांच्या आजारपणात गेली, त्याला आवडाबाईंनी काय करावं? सोयरिकीत सगळेच अख्ख्या भावकीची जमीन सांगतात. आप्पासाहेबांनी आपल्या थोरल्या लेकीच्या वेळी काय मोजून सांगितली असेल?

घोर होता तो ऋतुराजचा. एकुलता एक, छत्तिशीला आलेला. चितेगावच्या कंपनीतून कमी केल्यापासून घरातच. स्थळं यायची थांबली होती. हे एक बद्रीनाथानं कुठून ओढून आणलं होतं. हेही गेलं तर आपल्या माघारी या पोराला 'जेवलास का' म्हणणारं कुणी उरणार नाही, हे आवडाबाईंना स्वच्छ दिसत होतं.

"पाव्हणं काय करत्यात?" आप्पासाहेबांनी खुर्चीत बसलेल्या ऋतुराजकडं बघत विचारलं.

"कंप्युटरवर असतंय त्याचं," आवडाबाई घाईनं म्हणाल्या. "परदेशातली माणसं इचारून इचारून बेजार करत्यात त्याला."

"आसं? काय इचारत्यात?" आप्पासाहेब थेट ऋतुराजकडं वळले.

आवडाबाईंनी डोळे वटारले. पण त्याला कुणी असं आपुलकीनं विचारून वर्षं झाली होती. तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला.

"एक राज्य हाय, काका. नऊ सूर्यांचं. आभाळातलं. खरं नाय, पुस्तकातलं. जाडजूड इंग्रजी पुस्तकं हायती. ते राज्य नेमकं केवढं, ते आम्ही वाचणारी माणसं कंप्युटरवर मिळून काढतो."

"लिहिणाऱ्यालाच फोन लावायचा की!" बद्रीनाथ खिदळला.

"तो वारला. आता पुस्तकात हाय तेवढंच धरायचं. आपल्या मनाचं घालायचं नाय."

"मंग केवढं निघालं?" आप्पासाहेबांना मौज वाटत होती.

"पहिल्या पुस्तकात दरबारातला माणूस ओरडून सांगतो, दहा लाख ग्रह. सगळे तेच धरून बसल्यात. पण शेवटच्या पुस्तकात राजा मरतो. प्रत्येक ग्रहानं एक दिवा पाठवायचा, असा तिथला रिवाज. आन् तिथली झाडूवाली जाता जाता बोलून जाती, की सगळे दिवे अंगणात मावले, वर झाडायला वाट राहिली. मंग सांगा, ग्रह किती?"

"अंगणाएवढं," आप्पासाहेब हळूच म्हणाले.

"तेच! माणूस मोठेपणा सांगताना फुगवतो, काका. सहज तोंडातून जातं ते खरं धरायचं."

काय बोलतंय पोरगं, असं आवडाबाईंना क्षणभर वाटलं. त्याचा हा आवाज त्या विसरूनच गेल्या होत्या.

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. "बाई, वीस एकराच्या घरात ज्वारी दुकानातून येती?"

"सगळी मोसंबी लावलीय आम्ही," आवडाबाईंनी एका दमात ठोकून दिलं.

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. "पाव्हणं, तुम्ही सांगा."

आवडाबाईंनी पोराकडं पाहिलं. आयुष्यात कुणापुढं हात न पसरलेली बाई नुसत्या डोळ्यांनी पदर पसरत होती. ऋतुराजनं ते पाहिलं, मान खाली घातली. पण चुकीचा आकडा तसाच सोडून देणं त्याच्यानं व्हायचं नाही.

"दीड," तो म्हणाला. "ती बी पडीक."

बद्रीनाथ खोकला. आप्पासाहेब शांतपणे उठले. रागावले नाहीत; रागावले असते तर आवडाबाईंना भांडता तरी आलं असतं.

"बसा की, पोळ्या केल्यात," त्या म्हणाल्या.

"पुन्हा कवातरी," आप्पासाहेब चपला शोधत म्हणाले.

आवडाबाई आत गेल्या. मागोमाग ऋतुराज आला.

"एक डाव गप बसला असतास तर जीभ झडली असती का रं तुझी?"

"लग्नानंतर कळलंच असतं त्यांना, आई."

"मंग लग्नानंतर कळू द्यायचं होतं, मुडद्या! तवर सून घरात आली असती." त्यांचा आवाज फाटला. "त्या आभाळातल्या राजाची अब्रू झाकायची तुला गरज नव्हती. माझी होती."

ऋतुराजनं पोळ्यांवरचं ताट नीट बसवलं.

बाहेर पाहुणे दारात होते. सोयरीक जमो न जमो, सवाष्ण बाई घरातून बिनकुंकवाची जाऊ द्यायची नाही. आवडाबाईंनी करंडा ताटात ठेवला आणि बाहेर आल्या. पोरीच्या आईनं सवयीनं कपाळ पुढं केलं. मग आवडाबाईंच्या मोकळ्या कपाळाकडं लक्ष गेलं आणि ती अवघडली. घरात कुंकू लावणारी दुसरी बाई नव्हती.

आवडाबाईंनी ताट पुढं धरलं. "तुमच्या हातानं लावून घ्या, बाई."

तिनं बोट बुडवलं, अंदाजानं कपाळावर टेकवलं. कुंकू जरा डावीकडं लागलं. आवडाबाईंनी ते सांगितलं नाही. ती जिना उतरून जाईपर्यंत त्या दोन्ही हातांत ताट धरून ताठ उभ्या राहिल्या.