पाळण्याचा दुसरा दोर

कचेरीत तिला सगळे अंदाजबाई म्हणत, कारण खात्याचं अंदाजपत्रक ती करायची. तोंडावर मॅडम, पाठ वळली की अंदाजबाई. तिला दोन्ही चालायचं. संताप यावा अशा गोष्टी तिथं इतक्या होत्या की नावावरून रुसायला तिला सवडच नव्हती.

खातं कागदोपत्री ‘बंदरातील किरकोळ दुरुस्ती’ या नावानं नांदत होतं. दुरुस्ती किरकोळ नव्हती आणि बंदराशी तिचा काडीचा संबंध नव्हता. किनाऱ्यापासून लांब, भर समुद्राच्या तळाशी एक जुनं जहाज पडलेलं होतं आणि त्याच्या पोटात विषाची पिंपं भरलेली होती. ती बुडवली होती आपल्याच सरकारनं, एका पिढीपूर्वी, गुपचूप. मग भर सभागृहात छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की असलं काही आम्ही केलेलंच नाही. पुढे पिंपं गंजायला लागली. जे केलंच नाही ते उघडपणे निस्तरायचं कसं? म्हणून रातोरात पैसा काढून त्या जहाजावर सिमेंटचा घुमट घातला, शेजारी एक लोखंडी खोली बसवली, आणि तिथं चार माणसं पाळीपाळीनं राहायला लागली. घुमटाला तडा गेला का ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, गेला तर बुजवायचा. वर एक जहाज उभं असायचं. त्यावरून दोराला टांगलेला हवाबंद लोखंडी पिंजरा खाली सोडत आणि माणसांची ने-आण करत. त्या पिंजऱ्याला खालची मंडळी पाळणा म्हणायची.

त्या चौघांत अंदाजबाईची धाकटी बहीण होती.

हे खालच्या सोबत्यांना ठाऊक होतं, कचेरीत कोणालाच नव्हतं. ज्याच्या नात्यातलं माणूस खाली असेल त्यानं खात्याच्या पैशाला हात लावायचा नाही, असा नियम होता. कळलं असतं तर एकीची खुर्ची गेली असती आणि दुसरीची नोकरी. आईलाही खरं ठाऊक नव्हतं. धाकटी कुठल्याशा जहाज कंपनीत हिशेब लिहिते, अशी तिची समजूत करून दिलेली होती, आणि तिथं सुट्ट्या फार कमी देतात म्हणून ती मोठीवर चिडायची. “तूच लावलंस तिला तिकडं,” म्हणायची. खोटं नव्हतं ते.

खात्याचा पैसा मंजूर करायला एक गुप्त समिती होती. ती गुप्त असल्यामुळे तिच्या मूर्खपणाची चर्चा बाहेर होत नसे, एवढाच गुप्ततेचा उपयोग. समितीचे अध्यक्ष गेली कित्येक वर्षं एकच काम करत आले होते: समोर येईल त्या आकड्याचा निम्मा करायचा. आकडा कशाचा आहे हे बघायच्या भानगडीत ते पडत नसत. निम्मा केला की चष्मा काढून पुसायचे आणि देश वाचवल्याच्या थाटात सगळ्यांकडे बघायचे.

अंदाजबाईनं यावर सरळ उपाय शोधला होता. पाळण्याला दरवर्षी दोन नवे दोर लागत, कारण खाऱ्या पाण्यात वर्षभर राबलेला दोर भरवशाचा राहत नाही. एक दोर ओढणारा, दुसरा तो तुटलाच तर पाळणा धरून ठेवणारा. दोन हवेत म्हणून ती चार मागायची. अध्यक्ष निम्मे कापायचे, दोन मिळायचे, सगळे खूश होऊन घरी जायचे.

यंदा नवे संचालक आले आणि घोडं अडलं. हे गृहस्थ सच्चेपणाची दीक्षा घेऊन आले होते.

“चार दोर? लागतात किती?”

“दोन.”

“मग दोनच मागा. तुम्ही आकडे फुगवता म्हणून ते कापतात.”

“साहेब, ते कापतात म्हणून मी फुगवते.”

“कोणीतरी सुरुवात करायला हवी ना?” संचालक म्हणाले. खाली जाणाऱ्या माणसांच्या जिवावर सुरुवात करायला त्यांचं काय जात होतं? तिनं परोपरीनं सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं चाराचे दोन केले आणि सही ठोकली.

समितीच्या बैठकीत सगळे नेहमीसारखेच बसले होते. अध्यक्ष मधोमध, बाजूला एक सदस्य. या सदस्यांना कचेरीत डुलकी म्हणत. ते फक्त मतदानाला जागे व्हायचे.

“दोर दोन,” अध्यक्षांनी वाचलं. “पाळणे किती?”

“एक,” अंदाजबाई म्हणाली.

“एका पाळण्याला दोन दोर?”

“एक तुटला तर दुसऱ्यानं धरावं म्हणून.”

“आजवर कितीदा तुटला?”

“एकदाही नाही.”

“बघा!” अध्यक्ष डुलकींकडे वळले. “वर्षानुवर्षं एक दोर नुसता बसून खातोय. एक मंजूर.”

तिनं संचालकांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या फुलदाणीचं निरीक्षण करत होते.

“साहेब, खाली चार माणसं आहेत,” ती म्हणाली. आवाज चढला होता, तो तिला आवरता आला नाही.

“त्यांना जोखमीचा भत्ता मिळतो ना?” अध्यक्ष म्हणाले. “जोखीमच काढून टाकली तर भत्ता कशाचा द्यायचा?”

डुलकी जागे झाले, हात वर केला आणि डोळे पुन्हा मिटले. पुढचा सगळा वेळ बैठकीच्या खोलीच्या पडद्यांवर गेला. निळे घ्यायचे की करडे, यावर अध्यक्षांची मतं फार ठाम होती.

बाहेर आल्यावर संचालक म्हणाले, “पुढच्या वर्षी बघू आपण.” अंदाजबाईला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ती नुसती “बघू” म्हणाली आणि जिन्यात जाऊन रडली. धाकटी पोरगी, जिला तिनं केस विंचरून शाळेत सोडलं होतं, ती आता एका दोराला लटकून वर यायची होती, आणि तो दोर कसा वागेल हे समुद्राच्या मर्जीवर होतं.

रडून झाल्यावर तिचं डोकं चालू लागलं. समितीला कामाच्या जागेची पाहणी करायचा हक्क होता. आजवर कोणी तो वापरला नव्हता, कारण जिथं हार नाहीत आणि फोटो नाहीत तिथं जाऊन करायचं काय? तिनं पत्र लिहिलं: प्रत्यक्ष तळाला उतरून पाहणी करणारे आपण पहिले अध्यक्ष ठराल, खालच्या कर्मचाऱ्यांना आपल्या दर्शनानं हुरूप येईल, वगैरे वगैरे. प्रवासभत्ता वेगळा दाखवला. हरभऱ्याच्या झाडावर चढायला अध्यक्षांना कधी शिडी लागली नव्हती. होकार लगेच आला. दोन दिवसांनी त्यांचा फोनही आला.

“पाळणा सुरक्षित आहे ना हो?”

“एका दोरावर आहे, साहेब. आपण मंजूर केलाय तसा.”

पलीकडून फोन खाली ठेवला गेला. संध्याकाळच्या आत हुकूम हजर झाला. अंदाजबाईनं अधीरपणे वाचला. ‘माननीय अध्यक्षांच्या पाहणीपुरता दुसरा दोर भाड्यानं घ्यावा. पाहणी होताच परत करावा.’ पाहणीपुरता! म्हणजे स्वतःच्या मौल्यवान देहापुरती अक्कल होती यांना. तिनं कपाळावर हात मारून घेतला. तिचीच युक्ती तिच्या अंगाशी आली होती. साहेब खाली जाऊन, हात हलवून वर येणार आणि त्यांच्यामागोमाग दोरही निघून जाणार.

ठरलेल्या दिवशी समुद्र ताटलीसारखा सपाट होता. अध्यक्ष नव्याकोऱ्या बुटांत जहाजावर आले. संचालक त्यांची छत्री धरून होते, डुलकी खुर्ची मिळताच तिच्यात विसावले. पाळणा खालीवर करणाऱ्या यारीवाल्यानं त्याचं दार उघडलं. अध्यक्षांनी आत डोकावलं, मग कठड्यावरून पाण्याकडे डोकावलं. पाणी वरून निळं आणि त्याखाली काळं होतं.

“किती वेळ लागतो खाली जायला?”

“जेवून झोप काढावी एवढा,” यारीवाला म्हणाला.

“आणि आत दिवा?”

“असतो. कधीकधी जातो.”

अध्यक्षांची पाचावर धारण बसली. “हवामान... मला जरा हवामान ठीक वाटत नाहीय,” ते त्या ताटलीकडे बघत म्हणाले. “आणि रक्तदाबाची गोळी घरीच राहिली.”

कोणी हसलं नाही. पण सगळे खलाशी एकाएकी आपापल्या कामाकडे वळले, त्यानं अध्यक्षांचा चेहरा आणखीच उतरला. अंदाजबाई तो चेहरा बघत होती. मग ती वही घेऊन अगदी अदबीनं पुढे झाली.

“साहेब, नोंद काय करू? पाहणी रद्द, की पुढे ढकलली? रद्द लिहिली तर कारण लिहावं लागेल.”

“रद्द?” अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असे गरजले. “रद्द कशासाठी? पुढे ढकलली लिहा. मी उतरणार म्हणजे उतरणार!”

“मग पाहणी होईपर्यंत दोर ठेवावा लागेल. भाडं चढत राहील.”

“चढू द्या की! भाड्याचं काय घेऊन बसलात?”

वर्षभराच्या त्या भाड्यात तीन नवे दोर विकत आले असते. संचालकांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना योग्य ठिकाणी खरं बोलायची हुक्की आली असावी. अंदाजबाईनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तोंड मिटलं. तिनं नोंद केली, खाली अध्यक्षांची सही घेतली, आणि साहेबांची बोट किनाऱ्याकडे वळल्यावर जहाजावरून तळाच्या खोलीत फोन लावला.

“तायडे, येतायत ना?” धाकटी म्हणाली. आवाज चिरका येत होता. “आम्ही खोली झाडून ठेवलीय. खुर्चीपण पुसलीय.”

“येत नाहीत.”

“मग दोर गेला परत?”

“राहतोय. ते उतरेपर्यंत.”

खालून कोणीतरी हुश्श केल्याचं ऐकू आलं. फोनभोवती चौघंही असावीत. “पटलं म्हणायचं शेवटी त्यांना,” धाकटी म्हणाली. “आम्ही पण माणसं आहोत हे.”

हो म्हणणं सोपं होतं. अंदाजबाईच्या ओठावर आलंही होतं. पण त्या माणसाला एवढं श्रेय फुकटात द्यायला तिची जीभ तयार होईना.

“पटलं नाही गं. पाळणा बघून घाबरला तो. दोर त्याच्या नावावर आहे, तुमच्या नाही.”

पुसलेली खुर्ची परत सरकवल्याचा आवाज फोनमधून आला.

“म्हणजे तो घाबरलेला आहे तोवर आम्ही सुखरूप,” धाकटी म्हणाली.

“हो.”

“आणि त्याला धीर आला तर?”

“धीर यायचा नाही त्याला,” अंदाजबाई म्हणाली. “दर महिन्याला मी त्याला पाण्याचा फोटो पाठवीन.”