वरची बाजू

मॉरीन गेल्याचा फोन सकाळी आला आणि दुपारी फ्रीमँटलच्या कॅमेरा क्लबच्या ग्लेनिसबाई केक घेऊन तिच्या नवऱ्याच्या, क्लाइव्हच्या दारात हजर. दुःख त्यांना झालंच होतं. पण प्रदर्शनही तोंडावर आलं होतं.

मॉरीन जन्मभर भिंतींचेच फोटो काढत आली. नवऱ्याचा काढायला तिला सवड झाली नाही. त्याला पोपडे नव्हते ना.

ग्लेनिसबाईंनी एक फोटो पुढे केला. "हा तिचा शेवटचा. पण क्लाइव्ह, वरची बाजू कोणती रे?"

"तिने सांगितली नाही?"

"नाही ना! तसा कसाही टांगला तरी काय शांतता आहे बघ त्यात!"

"मग उलटाच टांगा. शांतता खाली सांडेल तेवढी."

तरी फोटो त्याने ठेवून घेतला. तिने काढलेला फोटो उलटा लागलेला त्याला चालणार नव्हता. फोटोतली भिंत बंदरावरच्या मासळीच्या गोदामाची होती. ती फोटो काढत होती तेव्हा तिची पिशवी धरून तोच तिथे उभा होता, कंटाळून, समुद्राकडे तोंड करून.

दफन उरकल्यावर फोटो भिंतीशी ताडून पाहायला तो तिथे गेला. मालकाने भिंत नुकतीच पांढरीशुभ्र रंगवली होती. फारच सुबक काम.

प्रदर्शन झालं, संपलं. फोटो अजून जेवणाच्या टेबलावर आडवा पडलाय. टांगायचा राहिलाय.