मेलेल्या गोऱ्याचं इंजिन

कुमासी शहरातल्या चढावर ओपोकूची प्रवासी गाडी पुन्हा बंद पडली आणि बघ्यांची झुंबड उडाली. आंबवलेल्या मक्याचे उंडे, केंके, विकणारी अफ्रियेमावशी टोपली खाली ठेवून सर्वांत पुढे. आठवड्यातला हा चौथा चमत्कार होता. समोरच्या प्रार्थनेच्या मांडवातून पास्टर बेदियाको पांढरा झगा सावरत आले.

"बॉनेट उघडा! भुताला वाट द्या!" ते गरजले. "परदेशातून गठ्ठ्याने येणारे मेलेल्या गोऱ्यांचे जुने कपडे घालता, ठीक आहे. धुतले की भूत जातं. पण मेलेल्या गोऱ्याचं इंजिन? ते धुणार कसं?"

लोकांना हे एकदम पटलं. रोज असंच व्हायचं. पास्टर चाळीस मिनिटं तेल शिंपडत ओरडायचे, मग किल्ली फिरवली की इंजिन सुरू! आज मात्र त्यांनी निकालच दिला. "रविवारी इंजिन उतरवून माझ्याकडे आण. मी ते भुतासकट बांधून ठेवतो."

ओपोकूचं तोंड उतरलं. तीन वर्षं दुसऱ्याच्या गाड्या हाकून त्याने हे परदेशातून आलेलं जुनं इंजिन घेतलं होतं.

गर्दीत सेर्वाही उभी होती. या गाडीच्या वायरिंगची मिस्त्रीण तीच. इंजिन वेगळ्या गाडीचं, त्यामुळे वायरी हातभर तोकड्या पडल्या होत्या. सेन्सरच्या, इंजेक्टरच्या, सगळ्या तिनेच लांबवल्या होत्या. ओपोकू घाई करत होता, म्हणून सेन्सरच्या वायरीचा एक जोड नुसता पिळून टेप गुंडाळली होती. कथिलाचा डाग उद्या देऊ म्हणाली, आणि तो उद्या काही उगवला नाही. तीन दिवस ती गप्प बसली. गल्लीभर हसं झालं असतं ना!

पण इंजिनच जायची पाळी आल्यावर तिला राहवेना.

"ओपोकूदादा, स्टार्टर मार बघू. आरपीएमचा काटा हलतोय?"

"नाही गं."

"मग सेन्सरचा निरोप पोचत नाही, इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नाही. तो ठिणगी देईल कशाला?"

"बाई, मध्ये येऊ नकोस!" पास्टर ओरडले. "भूत तुला धरेल!"

"आधी मीच धरते त्याला." सेर्वाने सायलेन्सरच्या पाइपाजवळचा तो जोड फडक्यात धरून चिमटीत दाबला. "मार!"

इंजिन धडधडलं. पास्टरांनी घाईघाईने हात उंचावले, "आमेन! भूत पळालं!" सेर्वाने चिमूट सोडली. इंजिन बंद. दाबली, सुरू. सोडली, बंद.

"अहो पास्टर, या भुताचं एकदा काय ते ठरवा!" अफ्रियेमावशी म्हणाली आणि हशा पिकला.

सेर्वाने टेप सोलली. आतला डिंक पातळ झाला होता, तारा सैल पडल्या होत्या. "तापलं की जोड सुटतो, गार झालं की पुन्हा टेकतो. बॉनेट उघडून चाळीस मिनिटं ठेवलं की गार होणारच, प्रार्थना करा नाहीतर झोपा काढा. चूक माझी आहे, दादा. लाजेपायी बोलले नाही."

ओपोकू तिच्याकडे वळला. "तीन दिवस मला भुताच्या हवाली केलंस होय?"

"हो," ती मान खाली घालून म्हणाली.

त्याच दुपारी तिने प्रत्येक जोडाला डाग दिला, वर स्लीव्हची प्लास्टिक नळी चढवली. सगळे जोड एकाच जागी येऊन गाठ होऊ नये म्हणून मागेपुढे ठेवले, आणि वायरी पाइपापासून दूर नीट बांधल्या. बघे हटले नाहीत. तेव्हा ती म्हणाली, "प्रार्थना खुशाल करा. पण कोणी भूत दाखवलं की आधी विचारा, हे कधी होतं, कशाने थांबतं? माझी चूक होती म्हणून दुरुस्त झाली. भूतच मानत बसलो असतो तर रविवारी दादाचं इंजिन गेलं असतं."

ओपोकूने किल्ली फिरवली आणि पास्टरांसमोरून गाडी न थांबता चढ चढून गेली.