सगुणाच्या आवाजाचा डबा

चांगदेवने बायकोला शब्द दिला होता, "हेमालीच्या लग्नात तुजा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवीन." शब्द द्यायला काय जातं! रेवसच्या धक्क्याजवळ तीस वर्षं मिक्सर नि पंखे दुरुस्त करून गड्याला वाटायला लागलं होतं, की स्क्रू काढून नीट होत नाही असं जगात काही नाहीच.

सगुणा धवलारीण होती. आगरी लग्नातला एकेक विधी जिच्या गाण्यावर पुढे सरकतो, ती. आसपासच्या गावांतल्या कितीतरी मुली तिच्या धवल्यांवर सासरी गेल्या. आता स्वतःच्या मुलीची वेळ आली आणि नेमकी तिच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. सगुणाने एवढंच विचारलं, "लगीन झाल्यावर काडलं त चालंल?" डॉक्टर पंधरा दिवस थांबायला तयार झाले. तोवर तिचा आवाज कुजबुजीवर आला होता.

डीजेचा माइक तिला नको होता. "त्या स्पीकरच्या भिंतीतून माजा आवाज भुतासारका येतं," ती म्हणाली. शिवाय धवलारीण एका जागी बसत नाही, नवरीसोबत घरातून मांडवात फिरते. म्हणून चांगदेवने काखेला लटकवता येईल एवढा अँप्लिफायर करायला घेतला. स्टीलचा चौकोनी डबा, आत तळहाताएवढा बोर्ड, पुढे स्पीकर, तळाला बॅटरी, वायरीला छोटा माइक. कुजबुज मोठी करायची तर बटण शेवटपर्यंत फिरवावं लागे, आणि मग आतली चिप अशी तापे की बोट ठेववत नसे. दोन चिपा जळल्या. तिसऱ्या खेपेला त्याने जुन्या कॉम्प्युटरचा पंखा डब्याच्या पाठीला बसवला. सगुणा पडवीत बसून अर्धा तास गायली तरी डबा थंडगार. चांगदेव इतका खूश झाला, की त्याने स्वतः चहा करून आणला. साखर घालायची तेवढी राहिली.

पण त्यांची पडवी खाडीच्या तोंडावर. तिथे दिवसभर वारा पत्रे वाजवतो, झावळ्या सळसळवतो. जन्मभर त्या वाऱ्यात राहिलेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही, की आपण कधी शांतता ऐकलेलीच नाही.

लग्नाच्या दिवशी मांडव चारी बाजूंनी कापडाने बंद केलेला. सगुणाबाई गाणार म्हणून लोकांनी डीजे थांबवला, पोरांना गप्प केलं. तिने माइक ओठांशी धरला, आणि डब्यातून मोठ्याने घरघर आली. डब्याच्या पंख्याची घरघर माइकने उचलली होती, आणि तिच्याखाली कुठेतरी सगुणा होती.

"अवो," ती थांबून म्हणाली, "पंकाच गातंय. मी कवा गाऊ?"

बाया हसल्या. चांगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पंख्याची वायर उपटली.

मग तिचा आवाज आला. फाटका, पण तिचाच. हळदीने पिवळी झालेली हेमाली रडायला लागली. चांगदेव डब्यावर हात ठेवून उभा होता. पहिल्या धवल्याला डबा कोमट झाला, दुसऱ्याला गरम. तिसरा धवला लेकीची पाठवणी करणारा, तो निम्म्यावर आला असताना टक् झालं आणि डबा मुका झाला.

चांगदेवने डबा ओढून घेतला आणि खाली बसून झाकण उघडलं. बोटं भाजली, तरी तो वायरी चाचपत राहिला. मान वर केली तेव्हा बाया नवरीला घेऊन निघाल्या होत्या. सगुणा पदराने तोंड पुसत होती.

"ऱ्हाऊ द्या," ती कुजबुजली. "झालं."

गाणं अर्धंच राहिलं आणि ते आपल्यामुळे, असं त्याने मनाशी धरलं. पुढच्या गुरुवारी तो तिला लाँचने मुंबईला घेऊन गेला. परत आणली तेव्हा तिच्या हातात लिहायची पाटी होती. तिच्याशी नजर मिळवायचा त्याला धीर होत नव्हता.

महिन्याभराने हेमाली माहेरी आली. लग्नात तिच्या नणंदेने मोबाइलवर धवले टिपले होते. चांगदेवने दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि मोबाइल कानाशी धरला. पंख्याची घरघर, बायांचं हसू, मग स्वच्छ दोन धवले. तिसरा सुरू झाला, टक् झालं.

पण सगुणा थांबली नव्हती. डब्याशिवाय, होता नव्हता तेवढा श्वास लावून ती पुढे गात होती, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. एवढ्या मोठ्या मांडवात कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. आणि तिच्या प्रत्येक ओळीवर चढून एक ठणठणीत आवाज येत होता. "थांब गो! जरा थांब! आत्ता करतंय नीट! थांब!"

त्याने मोबाइल खाली ठेवला.

"सगल्यांना आयकू गेलं, बाबा," हेमाली हळूच म्हणाली. "पार शेवटच्या रांगेपर्यंत. तुमीच तेवढं बोलत होता."